सरकार विरुद्ध गुहा

एका जंगलात एक तरस राहत होता आणि त्याच्यावर एकही गुन्हा सिद्ध झालेला नव्हता.

मुलांनो, एवढे ऐकून तुम्हाला वाटेल, की तो सज्जन असणार. वाटू द्या. तुम्ही अजून लहान आहात.

त्याचे नाव तरसोजीराव. आता नावात राव आल्यावर अरेतुरे करता येत नाही, म्हणून पुढची गोष्ट आदराने सांगतो.

तरसोजीरावांचा धंदा राखणीचा. सकाळी ते कुणाच्या तरी झाडाखाली येऊन उभे राहत, वर बघत आणि काळजीच्या आवाजात म्हणत, "झाड जुनं झालंय हो. कधी काय होईल, सांगता येत नाही." मग त्या झाडावरचे बिऱ्हाड आपल्या साठ्यातला तिसरा हिस्सा त्यांना देई आणि झाडाला काही होत नसे. जे देत नसत, त्यांच्या झाडाला त्याच आठवड्यात काहीतरी होई. तरसाला झाडावर चढता येत नाही, हे खरे. पण तरसोजीरावांच्या पदरी चार माकडे होती, आणि माकडांना झाडावर चढण्याखेरीज दुसरे काहीच येत नव्हते.

जमलेला सगळा माल टेकडीखालच्या गुहेत जाई. ती गुहा कुणाची, असे कुणी विचारले की तरसोजीराव म्हणत, "कुठली गुहा?"

त्याच जंगलात एका ऐनाच्या झाडावर सगुणा नावाची खार राहत होती. नवरा होता, दोन पिल्ले होती, आणि ढोलीत दोन पायल्या चारोळी होती. उन्हाळाभर काट्याकुट्यांतून फिरून, चाराच्या झाडाचे एकेक फळ फोडून, एकेक बी सोलून तिने ती साठवली होती. त्यात नवऱ्याचाही वाटा होता. नवऱ्याचे नाव भिवा. तो नावासारखाच होता.

एके सकाळी तरसोजीराव ऐनाखाली येऊन उभे राहिले.

"झाड जुनं झालंय हो, ताई."

"मला माहीत आहे," सगुणा वरून म्हणाली. "मी इथंच जन्मले. तुम्ही नवीन दिसताय."

"कधी काय होईल, सांगता येत नाही."

"मग सांगू नका."

भिवाने तिची शेपटी मागे ओढली. "अगं, देऊन टाक. तिसरा हिस्सा तर मागतोय."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी पण तिसराच मागेल. तसा शब्दाचा पक्का आहे तो."

सगुणाने दिले नाही. तीन दिवसांनी दुपारी ती पिल्लांना घेऊन ओढ्यावर गेली होती, तेवढ्यात चार माकडे आली. त्यांनी दोन्ही पायल्या चारोळी नेली. पिल्लांच्या अंथरुणातला सावरीचा कापूसही उपसून खाली फेकला. कापूस त्यांना नको होता. पण काम नीट केल्यासारखे वाटावे म्हणून फेकला.

सगुणा परत आली. तिने रिकामी ढोली पाहिली. मग ती खाली उतरली आणि कापूस वेचू लागली. भिवा काही बोलायला गेला, तेव्हा तिने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिले, की तोही वेचू लागला.

तिने फिर्याद दिली.

जंगलात कायद्याचे राज्य होते. म्हणजे वाघाचे होते, पण कायदाही होता. तरसोजीरावांवर फौजदारी खटला उभा राहिला. न्यायासनावर न्यायमूर्ती गवा होते. ते प्रत्येक मुद्दा आधी गिळत आणि मग सवडीने रवंथ करत. चोरी पाहणारा एकच साक्षीदार होता, ससा. सशाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे त्याला दोन्ही बाजू दिसतात. एका बाजूला त्याला सगुणा दिसली. दुसऱ्या बाजूला चार माकडे दिसली.

"मी काही पाहिलं नाही," ससा म्हणाला.

तरसोजीराव निर्दोष सुटले. माकडांनी त्यांना हार घातला. हारातली फुले कुणाच्या झाडावरची होती, हे विचारू नका.

इथे दुसरी एखादी गोष्ट संपली असती. पण वाघमहाराज त्या दिवशी टेकडीवरून चालले होते आणि त्यांना गुहेतून खमंग वास आला. त्यांनी आत डोकावून पाहिले. चारोळी, मोहाची फुले, मध, हिरडे, आवळकाठी. छतापर्यंत रास.

"चोर सुटला तर सुटला," महाराज म्हणाले, "पण माल का सुटावा?"

मुलांनो, राजाला असा प्रश्न पडला की त्याचे उत्तर द्यायला वकील लागतो. सरकारी वकील होत्या घारपुरे. त्या घार होत्या, आणि फार उंचावरून विचार करत.

"महाराज, आपण चोराला हातच लावायचा नाही," घारपुरेबाई म्हणाल्या. "आपण मालावर खटला भरायचा. फौजदारीत विचारतात, चोरी कुणी केली? तिथं पक्का पुरावा लागतो. दिवाणीत आपण विचारू, माल आला कुठून? तिथं तराजू जरासा झुकला तरी पुरे. ज्याच्याकडे माल आहे त्यानं सांगायचं. नाही सांगता आलं, की माल सरकारजमा."

"आणि चोर?"

"चोराचं काय, तो निर्दोष आहेच."

महाराजांना कायदा आवडला. त्याच दिवशी तो झाला.

खटल्याचे नाव होते, सरकार विरुद्ध गुहा. पहिल्याच तारखेला कोर्टाच्या पोपटाने पुकारा केला, "गुहा हाजिर हो!" कुणी आले नाही. पोपटाने तीनदा पुकारा केला. तेव्हा गुहेचे वकील उठले. ते ॲडव्होकेट कोल्हे. ते कोण होते, हे आडनावावरून ओळखा.

"माझ्या अशिलाला चालता येत नाही," कोल्हे म्हणाले. "माझी विनंती आहे, की कोर्टानंच अशिलाकडे यावं."

न्यायमूर्तींनी ही विनंती गिळली. पुढच्या तारखेपासून कोर्ट गुहेत भरू लागले. आत बसायला जागा नव्हती. म्हणून न्यायमूर्ती चारोळीच्या राशीवर बसले. त्यांची शिंगे छताला टेकत होती.

वकिलांची फी कुठून द्यायची, हा पहिला वाद निघाला. तो सात तारखा चालला. शेवटी ठरले, की माल कुणाचा हे ठरेपर्यंत तो कुणाचाच नाही, आणि जो कुणाचाच नाही त्यातून खर्च भागवायला कुणाची हरकत असणार? तेव्हापासून प्रत्येक तारखेला संध्याकाळी घारपुरेबाई एक पोते नेत, कोल्हे एक पोते नेत, आणि न्यायमूर्ती बसल्या जागी थोडे चघळत.

सगुणाला खटल्याची बातमी लागली, तेव्हा ती आनंदाने दोन फांद्या ओलांडून तिसरीवर पोहोचली.

"आपली चारोळी तिथंच आहे," ती भिवाला म्हणाली. "मी जाऊन सांगते, ही माझी आहे."

"अगं, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात."

"मी पायरी चढणार नाही. वरून उडी मारीन."

तिने खरोखरच गुहेच्या तोंडावरच्या वेलीवरून आत उडी मारली आणि ती नेमकी राशीवर पडली. घारपुरेबाईंनी तिचे स्वागत केले. चारोळी चोरीची आहे, हे सांगणारा साक्षीदार त्यांना हवाच होता.

"ही चारोळी तुम्ही ओळखता?" त्यांनी विचारले.

सगुणाने राशीत हात घातला. एक बी उचलली, हुंगली, टाकली. दुसरी उचलली. मग तिचे डोळे भरून आले.

"ही माझी. हे बघा, टोक कुरतडलंय. आम्ही खारी साठवताना बीचं टोक कुरतडतो, म्हणजे तिला ढोलीत कोंब येत नाही. माझा एक दात तुटका आहे. म्हणून ही खाच तिरपी पडते. बघा." तिने तोंड उघडून दात दाखवला. कोर्टाने दात पाहिला.

एवढा स्पष्ट पुरावा त्या गुहेत पूर्वी कधी आला नव्हता. सगळ्यांनाच जरा अवघडल्यासारखे झाले.

"म्हणजे ही तुमच्याकडून चोरली," घारपुरेबाई म्हणाल्या.

"हो. दोन पायल्या. मला परत द्या."

घारपुरेबाई थबकल्या. हा मुद्दा त्यांनी इतक्या जवळून पाहिलेला नव्हता. खारीला दोन पायल्या परत दिल्या, तर उद्या साळिंदर येईल, परवा अस्वल येईल. सगळा माल ज्याचा त्याला गेला तर वसुली कसली?

त्यांनी पंख सावरले. आवाज बदलला.

"बाई, ही चारोळी तुमच्याकडे कुठून आली?"

"झाडावरून."

"झाड कुणाचं?"

"चाराचं."

"मी झाडाचा मालक विचारते आहे. जंगल कुणाचं?"

"महाराजांचं."

"महाराजांच्या झाडावरची फळं काढायची तुम्हाला लेखी परवानगी होती?"

सगुणाला हसू आले. "परवानगी कसली? सगळेच काढतात. माझी आई काढायची, तिची आई काढायची."

"म्हणजे गुन्हा पिढीजात आहे," घारपुरेबाई न्यायमूर्तींना म्हणाल्या. "साक्षीदारानं शपथेवर कबूल केलं आहे. याची नोंद व्हावी."

कोल्हे ताडकन उठले. सगुणाला वाटले, ते हरकत घेणार.

"माझ्या विद्वान मैत्रिणीशी मी पूर्ण सहमत आहे," कोल्हे म्हणाले. त्या खटल्यात दोन्ही वकील सहमत होण्याची ती पहिलीच वेळ होती. सगळ्यांना गहिवरून आले.

संध्याकाळी पोपटाने ऐनाच्या झाडावर डिंकाने एक नोटीस चिकटवली. ढोलीत सापडलेला माल, म्हणजे चोरीनंतर सगुणाने नव्याने वेचलेली दीड पायली चारोळी, जप्त करण्यात आली होती. मालाला हात लावायचा नाही. तो कुठून आला हे तारखेला येऊन सांगायचे. खटल्याचे नाव होते, सरकार विरुद्ध ढोली.

भिवाने नोटीस वाचली. मग पुन्हा वाचली. मग म्हणाला, "तरस बरा होता गं. निदान तारखा तरी देत नव्हता."

पिल्ले चारोळीकडे बघत बसली. आई म्हणाली, हात लावायचा नाही. त्यांनी विचारले, का? मग ती त्यांना हिरवी पाने खाऊ घालू लागली.

दुसऱ्या दिवशी ती कोल्ह्यांकडे गेली.

"माझी केस घ्या."

"घेतली. फी?"

"माझ्याकडे चारोळीच आहे. ती जप्त आहे."

"जप्त मालातून वकिलाची फी देता येते," कोल्हे मायेने म्हणाले. "कायद्यात तशी सोय आहे. कोर्टाकडे अर्ज करायचा."

"मग करा ना अर्ज."

"तो वकिलानं करायचा असतो. आणि वकिलाला त्याची फी द्यावी लागते."

सगुणा परत आली.

इकडे गुहेत एक काळजीची गोष्ट घडली होती. सुरुवातीला न्यायमूर्तींची शिंगे छताला टेकत, ती आता टेकेनात. मग एके दिवशी कोल्ह्यांच्या लक्षात आले, की बोलताना त्यांना न्यायमूर्तींकडे वर बघावे लागत नाही, समोर बघितले तरी चालते. त्यांनी घारपुरेबाईंना बाजूला घेतले.

"बाई, रास निम्म्यावर आली."

"माझ्याही लक्षात आलं. राशीबरोबर न्यायही संपेल."

"तडजोड करू या?"

"करू या. न्याय शिल्लक आहे तोवर करू या."

तडजोड झाली. उरलेल्या मालातला तिसरा हिस्सा सरकारजमा झाला. महाराजांना आकडा सांगितला नाही, फक्त मध चाटायला दिला. उरलेले दोन हिस्से तरसोजीरावांना मिळाले, कारण ऐनवेळी गुहा त्यांचीच निघाली. त्यांनी कुठलाही गुन्हा कबूल केला नाही. वर एक हुकूमनामा मिळाला, सालीवर लिहिलेला, खाली महाराजांच्या पंजाचा ठसा. त्यात म्हटले होते, की तरसोजीरावांचा माल कोर्टाने तपासला आहे, तो कायद्याने शुद्ध आहे आणि त्याबद्दल पुन्हा कुणी काही विचारायचे नाही.

मुलांनो, जरा विचार करा. साऱ्या जंगलात प्रत्येकाकडे थोडाफार माल होता. मुंगीकडे होता, अस्वलाकडे होता. पण शुद्ध असल्याचा कागद कुणाकडे होता? एकट्या तरसाकडे.

हे सगळ्यांत आधी तरसाच्याच लक्षात आले.

तरसोजीराव ऐनाखाली येऊन उभे राहिले. या वेळी त्यांनी झाडाबद्दल काहीच म्हटले नाही.

"ताई, तुमच्या केसचं कानावर आलं. फार वाईट वाटलं."

सगुणाने पाठ फिरवली.

"मी एक पावती लिहून देतो. ढोलीतली दीड पायली तुम्ही माझ्याकडून विकत घेतली, अशी. माझा माल शुद्ध आहे. मग तुमचाही शुद्ध. उद्या ढोली सुटेल."

"ही मी वेचली आहे. माझ्या हातांनी."

"ते मला माहीत आहे. पण तुमच्या हातांना पंजाचा ठसा नाही ना."

"आणि तुम्हाला काय द्यायचं?"

"निम्मी चारोळी."

"पूर्वी तिसरा हिस्सा मागायचात!"

"पूर्वी मी गुन्हेगार होतो," तरसोजीराव शांतपणे म्हणाले. "आता व्यवसाय आहे. खर्च वाढतो."

सगुणाने त्यांना हाकलून दिले. दुसऱ्या दिवशी ती तारखेला गेली आणि शपथेवर सगळे खरे सांगितले. कुठल्या झाडावरून किती फळे काढली, कुठल्या काट्याने पाय फाटला, पिल्लांना पाठीवर घेऊन किती खेपा केल्या. पाय दाखवला.

न्यायमूर्तींनी बराच वेळ रवंथ केले.

"बाई, तुम्ही खरं बोलता आहात, हे मला दिसतं आहे," ते हळू आवाजात म्हणाले. ते मनाने चांगले होते. "पण नुसत्या दिसण्यावर कोर्ट चालत नाही. कागद आहे?"

"नाही."

"पुढची तारीख."

ती घरी आली, तेव्हा धाकटे पिल्लू पाने खाऊन ओकत होते. थोरले म्हणाले, "आई, नुसती एक बी. कुणाला कळणार नाही." सगुणाने धाकट्याचे तोंड पुसले. मग भिवाला म्हणाली, "त्याला बोलाव."

पावती आणल्यावर काम चुटकीसरशी झाले. घारपुरेबाई उठून म्हणाल्या, सरकारची हरकत नाही. न्यायमूर्तींनी जप्ती उठवली आणि सगुणाचे जाहीर कौतुक केले. अशा कागदपत्रे जपणाऱ्या नागरिकांमुळेच कायद्याचे राज्य टिकते, असे ते म्हणाले. सगुणाला दोन शब्द बोलायला सांगितले. तिने दोनच शब्द उच्चारले, पण ते मी तुम्हाला सांगणार नाही. तुमच्या घरी मोठी माणसे आहेत.

ही बातमी जंगलभर झाली. दुसऱ्याच दिवशी गुहेपुढे रांग लागली. साळिंदर आले, अस्वल आले, ससाही आला. जो तो आपला घामाचा माल घेऊन उभा. निम्मा तरसोजीरावांना द्यायचा, निम्म्याची पावती घ्यायची. रांग मोडू नये म्हणून माकडे काठ्या घेऊन फिरत होती. पावत्या लिहायला कोल्हे बसले होते. वर्षाच्या शेवटी महाराजांनी दरबारात सांगितले, की आता जंगलात राखण मागितल्याची एकही तक्रार नाही. आणि ते खरेच होते. राखण मागत कुणी नव्हते. लोक स्वतः नेऊन देत होते.

पुढच्या उन्हाळ्यात चार पुन्हा पिकला. भिवाने टोपल्या काढल्या.

"ठेव त्या," सगुणा म्हणाली. "यंदा काही साठवायचं नाही."

"मग खायचं काय?"

"इथंच खायचं. झाडावर. फोडलं की तोंडात. ढोलीत ठेवलं तर पावती लागते, पोटात ठेवलं तर नाही."

"आणि पावसाळ्यात गं?"

"पावसाळ्यापर्यंत जाड होऊ."

मग चौघे दिवसभर चाराच्या झाडावर बसून खात राहिले. पिल्ले गुटगुटीत झाली. भिवासुद्धा घाबरायचे विसरून ढेकर देऊ लागला. वर्षभरात पहिल्यांदा सगुणा हसली, तोंड उघडून, तुटका दात दाखवून.

फार उंचावर घारपुरेबाई गिरक्या घेत होत्या. त्यांनी खाली पाहिले. त्यांना चार खारी दिसल्या आणि चार टम्म पोटे दिसली.

पोटातल्या मालाबद्दल कायद्यात काहीच तरतूद नव्हती. ही त्रुटी दूर करायला हवी, असे मनाशी म्हणत त्यांनी एक गिरकी खालून घेतली.

तात्पर्य : कष्टाची कमाई नेहमी चोराकडून धुऊन घ्यावी. तिला घामाचा वास येतो, आणि कायद्याचे नाक फार नाजूक असते.